पूर ओसरला, पण ॲक्सलमधील पाण्याचे काय?

पावसाळ्याच्या चार महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात फिरणाऱ्या वाहनाची पाण्याशी कोठे ना कोठे गाठ पडतेच. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा, वसमत तालुक्यात आसना आणि वाशीम जिल्ह्यात उगम पावून सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून वाहणारी कयाधू, असे या जिल्ह्याचे जलचित्र आहे. या नद्यांना मिळणाऱ्या असंख्य ओढ्या-नाल्यांवर आजही अनेक ठिकाणी कमी उंचीचे नळकांडी पूल आणि फरशी पूल आहेत. तासाभराचा जोरदार पाऊस झाला की अशा पुलांवरून पाणी वाहू लागते आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात आसनेचे पाणी शिरले, तेव्हा घरे आणि दुकाने जलमय झाली होती.

पूर ओसरल्यानंतर वाहनाकडे लक्ष जाते ते प्रथम इंजिनाकडे. इंजिन सुरू झाले, दिवे लागले, ब्रेक लागले की मालक निश्चिंत होतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या प्रलयानंतर इंजिनात पाणी शिरल्यास ते सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, हे शहाणपण शहरी वाहनधारकांच्या अंगवळणी पडले. मात्र वाहनाच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेल्या एका बंदिस्त लोखंडी पेटीचा विचार सहसा कोणी करीत नाही. मागील आस, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत ॲक्सल, आणि त्यातील डिफरन्शियल यांची ही पेटी होय. तिच्यातील वंगणतेलात पाणी मिसळले तर वाहन त्या दिवशी कुरकुरत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पावसाळ्यात शिरलेला दोष दिवाळीच्या सुमारास, ऐन मालवाहतुकीच्या हंगामात उघड होतो, आणि तोवर दुरुस्तीची वेळ टळून भाग बदलण्याची वेळ आलेली असते.

बंद पेटीत पाणी शिरते कसे?

ॲक्सलची पेटी चहूबाजूंनी बंद असते, तिला तेलाची सील लावलेली असतात, मग तिच्यात पाणी जाणार कोठून, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शालेय पदार्थविज्ञानात आहे. वाहन वेगाने चालत असता डिफरन्शियलमधील दंतचक्रे एकमेकांवर घासतात आणि पेटीतील तेल व हवा तापते. तापलेली हवा प्रसरण पावते. तिला बाहेर पडण्यास वाट मिळावी म्हणून पेटीच्या वरच्या बाजूला एक लहानसे श्वासछिद्र ठेवलेले असते. त्याला ब्रीदर म्हणतात. हा ब्रीदर नसता तर आतील दाबाने तेल सीलमधून बाहेर फेकले गेले असते.

अशी तापलेली पेटी एकाएकी पुराच्या थंड पाण्यात बुडाली की नेमके उलटे घडते. आतील हवा आकुंचन पावते आणि पेटीत अंशतः निर्वात पोकळी निर्माण होते. समजा, आतील हवेचे तापमान ८० अंश सेल्सिअस आहे आणि ती ३० अंशांपर्यंत थंड झाली. वाट बंद असेल, तर तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. ही घट जवळजवळ दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकी आहे. म्हणजेच वाहन गुडघाभर पाण्यात उभे असले तरी पेटीवर आत ढकलणारा जोर त्याहून कितीतरी खोल पाण्याचा असतो. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी त्यातून आत ओढले जाते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल, किंवा तो हवा फक्त बाहेर सोडणारा एकमार्गी असेल, तर सारा ताण तेलाच्या सीलवर येतो. या सीलची ओठासारखी कड आतील तेल अडवण्यासाठी बनवलेली असते. बाहेरचे पाणी रोखणे हे तिचे मुख्य काम नव्हे. सील थोडीशी झिजलेली असली तरी तिच्या कडेवरून पाणी आत झिरपते.

मराठवाड्याची काळी, चिकण माती या संकटात भर घालते. ओली असता ती लिंपल्यासारखी चिकटते आणि वाळल्यावर सिमेंटप्रमाणे घट्ट होते. शेतरस्त्यांवरून येजा करणाऱ्या जीप, पिकअप आणि ट्रॅक्टर यांचा ब्रीदर हंगामभरात अशा मातीने केव्हा बुजला, हे वाहनाखाली डोकावल्याखेरीज कळत नाही.

थोड्या पाण्याचे मोठे परिणाम

मागील चाके ओढणाऱ्या बहुतेक जीप, पिकअप, टेम्पो व ट्रक यांच्या डिफरन्शियलमध्ये हायपॉइड पद्धतीची दंतचक्रे असतात. अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने १९२०च्या दशकात ही रचना मोटारींसाठी पुढे आणली. हिच्यात पिनियन हे लहान चक्र क्राउन या मोठ्या चक्राच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेले असते. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते दाबाखाली घसरतात. या घसरणीत धातूला धातू भिडू नये म्हणून विशेष तेल लागते. गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळलेले हे तेल बाजारात जीएल-५ या दर्जाचे म्हणून मिळते. ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० हे आकडे त्याचा दाटपणा दर्शवतात.

या तेलात पाणी मिसळले की घुसळणाऱ्या दंतचक्रांमुळे दोहोंचे दुधट मिश्रण तयार होते. दातांमधला तेलाचा पातळ थर मग हवा तितका भक्कम राहत नाही. तेलातील संरक्षक रसायने पाण्यामुळे निकामी होऊ लागतात आणि त्यातून धातूला खाणारी आम्ले निर्माण होऊ शकतात. वाहन काही दिवस उभे राहिले तर बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंज धरतो. गंजाचा एक बारीकसा डागही पुढे खड्डा बनतो, त्या खड्ड्यावरून फिरणारा प्रत्येक रोलर तो आणखी कुरतडतो, आणि निघालेला धातूचा चुरा सगळ्या पेटीत फिरतो.

किती पाणी पुरते? बेअरिंग बनवणाऱ्या टिमकेन कंपनीतील एका संशोधनाचे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेलात पाण्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० वरून ४०० भागांवर गेले, तर रोलर बेअरिंगचे आयुष्य साधारण निम्मे होते, असे त्यात आढळले. ही चाचणी वेगळ्या, पातळ तेलावर झालेली असल्याने तिचे आकडे जसेच्या तसे डिफरन्शियलला लावता येणार नाहीत. तरीही प्रमाणाची कल्पना येण्यास ते पुरेसे आहेत. जीपवर्गातील वाहनाच्या ॲक्सलमध्ये साधारणतः दीड ते अडीच लिटर तेल असते. दोन लिटर तेलात दशलक्षांश ४०० भाग पाणी म्हणजे एक मिलिलिटरहूनही कमी, जेमतेम पंधरा-सोळा थेंब. पुरातून गेलेल्या ॲक्सलमध्ये शिरणारे पाणी थेंबांत नव्हे, पेल्यांत मोजावे लागते.

कोणत्या वाहनाचे काय तपासावे?

सर्वच वाहनांना मागे डिफरन्शियल नसते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. शहरांत दिसणाऱ्या बहुतांश लहान मोटारींची पुढची चाके इंजिनाला जोडलेली असतात. त्यांचे डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच सामावलेले असते, म्हणून तेथे गिअरबॉक्सचे तेल पाहावे लागते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनांत मागील व पुढील ॲक्सल, गिअरबॉक्स आणि शक्ती विभागणारा ट्रान्सफर केस अशा चार ठिकाणचे तेल तपासावे लागते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि विजेवर चालणारी वाहने यांच्या बाबतीत घरगुती प्रयोग टाळून थेट सेवा केंद्र गाठणे श्रेयस्कर.

ट्रॅक्टरची गोष्ट आणखी निराळी आहे. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, मागील ॲक्सल आणि अवजारे उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा यांना एकच सामायिक तेल पुरते, आणि त्याचे प्रमाण काही दहा लिटरांच्या घरात असते. चिखलणी करताना किंवा ओढा ओलांडताना गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून अथवा सैल झाकणातून पाणी शिरले, तर ते एकाच वेळी तिन्ही ठिकाणी पोहोचते. वसमतच्या बाजारात हळद घेऊन जाणाऱ्या किंवा सोयाबीनची मळणी गाठणाऱ्या शेतकऱ्याला ऐन हंगामात ट्रॅक्टर गॅरेजमध्ये अडकणे किती महागात पडते, हे सांगण्याची गरज नाही.

तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. रस्त्यावरच्या डबक्यातून जाताना उडालेले शिंतोडे चिंतेचे कारण नव्हे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे हबपर्यंत पोहोचले असेल, वाहन पाण्यात काही वेळ उभे राहिले असेल किंवा लांबच्या प्रवासानंतर तापलेल्या अवस्थेत पाण्यात उतरले असेल, तर तपासणी अनिवार्य समजावी. लष्करी वाहनांच्या देखभाल पुस्तिकांत पाणी ओलांडल्यानंतरच्या तपासणीचा स्वतंत्र उल्लेख असतो, तो याच कारणाने.

तपासणीची पद्धत

वाहन सपाट जागी उभे करावे. हँडब्रेक ओढून चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर तोललेल्या वाहनाखाली कोणीही शिरू नये. शक्य असल्यास वाहन रात्रभर उभे ठेवून सकाळी, ते सुरू करण्यापूर्वीच तपासणी करावी. पाणी तेलापेक्षा जड असल्याने न मिसळलेले पाणी तोवर तळाशी जमते.

ॲक्सलच्या पेटीला साधारणतः दोन बूच असतात. मध्यावरचे तेल भरण्यासाठी आणि तळाचे तेल काढण्यासाठी. प्रथम भरण्याचे बूच उघडावे. हा क्रम चुकवू नये, कारण तळाचे बूच उघडून तेल सांडले आणि वरचे बूच गंजामुळे निघालेच नाही, तर वाहन तेलाविना जागीच अडकून पडते. बुचाभोवतीची माती आधी पुसून घ्यावी, नाहीतर तीच आत पडते.

बहुतेक वाहनांत तेलाची पातळी या छिद्राच्या खालच्या कडेला लागून असावी लागते. बूच काढताच तेल भळभळा बाहेर आले, तर पातळी वाढली आहे. तेल आपोआप वाढत नसते, तेव्हा आत पाणी शिरल्याची ती पहिली खूण मानावी. त्यानंतर स्वच्छ बोट किंवा वाकवलेली तार आत घालून तेल पाहावे. चांगले तेल मधासारखे सोनेरी असते, वापरलेले काळपट असते. दूध घातलेल्या चहासारखा किंवा ताकासारखा रंग दिसला, फेस आढळला किंवा बुचाच्या आतल्या बाजूस तांबूस गंज दिसला, तर शंकेला जागा उरत नाही.

वरून तेल स्वच्छ दिसले तरी तळाची खातरजमा करावी. तळाचे बूच पूर्ण न काढता किंचित सैल करून पहिले काही थेंब पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्यावेत. पाणी साचले असेल तर आधी तेच येते. संशय राहिल्यास बाटलीत थोडे अधिक तेल घेऊन ती दिवसभर हलवू नये. पाण्याचा थर खाली उतरलेला दिसतो. मात्र पूर्ण घुसळलेले मिश्रण सहजी विलग होत नाही, म्हणून थर दिसला नाही तरी रंग दुधट असेल तर तेल बदलावेच. काढण्याच्या बुचाला चुंबक असल्यास त्यावर राखाडी लेपासारखा बारीक चुरा असणे नेहमीचे आहे. नखाएवढे तुकडे किंवा दातांचे कण आढळले, तर प्रश्न तेलापुरता उरलेला नाही.

तेल बदलताना

पाणी आढळल्यास सर्व तेल काढून टाकावे. काही ठिकाणी पेटी धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल ओतण्याची पद्धत आहे. ती टाळलेली बरी, कारण कोपऱ्यांत उरलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करते. त्याऐवजी निर्मात्याने सांगितलेल्या दर्जाचे नवे तेल भरावे, वाहन काही किलोमीटर सावकाश चालवावे आणि तेल पुन्हा तपासावे. पुन्हा दुधट छटा दिसली तर ते तेलही काढून दुसऱ्यांदा नवे भरावे. दोनदा तेल भरण्याचा खर्च जिवावर येतो खरा, परंतु क्राउन, पिनियन आणि बेअरिंग बदलण्याच्या खर्चापुढे आणि त्यासाठी बुडणाऱ्या भाड्यापुढे तो किरकोळ आहे.

तेलाची निवड वाहनाच्या पुस्तिकेनुसारच करावी. डिफरन्शियलचे जीएल-५ तेल गिअरबॉक्समध्येही चालते, असा समज आढळतो. तो सरसकट खरा नाही. हाताने बदलायच्या काही गिअरबॉक्समधील पितळेच्या भागांना त्यातील काही रसायने बाधू शकतात.

त्याच वेळी ब्रीदर काढून साफ करावा आणि त्यातून हवा जाते की नाही, हे फुंकून पाहावे. वारंवार पाणी ओलांडावे लागणाऱ्या वाहनांना ब्रीदरपासून रबरी नळी काढून ती इंजिनाच्या कप्प्यात किंवा वाहनाच्या सांगाड्यावर उंच बांधता येते. खर्च अल्प आणि उपयोग मोठा, असा हा उपाय आहे. चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस, ब्रेकच्या ड्रममध्ये साचलेला गाळ आणि तेलाची सील यांचीही पाहणी याच फेरीत उरकावी. सील गळकी असेल तर ॲक्सलचे तेल ब्रेकवर उतरते, आणि मग प्रश्न खर्चाचा न राहता जिवाचा होतो.

काढलेले तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.

दुर्लक्षाची चिन्हे

पुरानंतर तपासणी राहूनच गेली असेल, तर काही लक्षणांकडे कान द्यावा. विशिष्ट वेगाला मागून येणारा गुणगुणल्यासारखा आवाज, ॲक्सिलरेटर सोडताच बदलणारी घरघर, वळणावर जाणवणारी खटखट आणि थोड्या प्रवासानंतरही पेटी हात लावता येणार नाही इतकी तापणे, ही बेअरिंग किंवा दंतचक्रे झिजल्याची चिन्हे असू शकतात. आवाज सुरू झाल्यावर केवळ तेल बदलून झालेली झीज भरून येत नाही. अशा स्थितीत वाहन लादून दूरच्या प्रवासाला काढणे धोक्याचे आहे. अकोला-हिंगोली-नांदेड राष्ट्रीय महामार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर वेगात असताना बेअरिंग जाम झाले, तर मागची चाके अडकून वाहन ताब्याबाहेर जाऊ शकते.

जुने वाहन विकत घेणाऱ्यांनीही ही तपासणी आवर्जून करावी. पुरात बुडालेले वाहन धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरे घालून चकचकीत करता येते. डिफरन्शियलच्या बुचामागचा गंज मात्र सहसा कोणी पुसत नाही.

पाण्यात न उतरणे हाच पहिला उपाय

काही वाहनांच्या पुस्तिकेत पाणी ओलांडण्याची कमाल खोली दिलेली असते. २०२० मध्ये आलेल्या महिंद्र थारसाठी ती ६५० मिलिमीटर सांगण्यात आली होती. असे आकडे संथ पाणी आणि टणक तळ गृहीत धरून दिलेले असतात. पुलावरून धावणाऱ्या पाण्याला ते लागू होत नाहीत. वाहते पाणी जेमतेम एक फूट खोल असले तरी लहान मोटार तरंगू लागते, आणि दोन फूट पाणी जीपसारखे वाहनही वाहून नेऊ शकते. गढूळ पाण्याखाली पुलाचा कठडा शिल्लक आहे की पूलच खचला आहे, हे काठावरून दिसत नाही. इसापूर किंवा सिद्धेश्वर धरणातून विसर्ग सुरू असेल तर आपल्या गावी पाऊस नसतानाही नदीची पातळी वाढते, याचेही भान हवे. श्रावणात औंढा नागनाथच्या दर्शनाला किंवा संत नामदेवांच्या नर्सीला परगावाहून येणाऱ्यांना हे ओढे परिचित नसतात. त्यांनी तर पाणी उतरेपर्यंत थांबणे किंवा मार्ग बदलणे हेच उचित.

साचलेले उथळ पाणी ओलांडण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आधी वाहन काही वेळ उभे करून ॲक्सल निवू द्यावा. त्यामुळे पेटीत होणारी पोकळी कमी होते. पाण्यातून पहिल्या गिअरमध्ये, संथ आणि एकसारख्या गतीने जावे. बाहेर पडल्यावर ब्रेक हलकेच दाबत काही अंतर चालवावे म्हणजे ते कोरडे होतात. त्यानंतर घरी पोहोचल्यावर वाहन रात्रभर उभे ठेवून सकाळी भरण्याचे बूच उघडून पाहावे. या कामाला एक पाना, एक चिंधी आणि पंधरा-वीस मिनिटे लागतात. आठवडाभराने पुन्हा एकदा पाहिले, म्हणजे सीलमधून मागाहून झिरपलेले पाणीही नजरेतून सुटत नाही.